अण्णांनी भरलेला फॉर्म

दोनशे नव्व्याण्णवावा नकार आला तेव्हा धनश्री मगदूमला चक्क आनंद झाला. आता एकच उरला होता. तीनशे नकार पुरे झाले की कायद्यानं उमेदवाराला एक हक्क मिळायचा: आपण का नको आहोत, हे तासभर बघायचा. दोनशे नव्व्याण्णवला नाही, तीनशेलाच. हा नियम ज्यांनी केला त्यांनी आयुष्यात कधी नोकरी शोधली नसावी.

तिनं वेळ न घालवता पाणबुड्यांच्या एका कारखान्यात मुख्य अभियंत्याच्या जागेसाठी अर्ज ठोकून दिला. शिक्षण फाउंड्रीतला डिप्लोमा, अनुभव अकरा वर्षं, पोहता येत नाही. चार मिनिटांत उत्तर आलं. 'आपली निवड झालेली नाही. पुढील वाटचालीस शुभेच्छा.'

"आला गं बाई एकदाचा!" असं स्वतःशीच म्हणत तिनं पायात चप्पल सरकवली.

"कुठं निघालीस?" अण्णांनी बाहेरच्या खोलीतून विचारलं.

"केंद्रावर जाऊन येतो. तीनशे झाले." कोल्हापूरच्या मुलींच्या रीतीनं धनश्री स्वतःबद्दल 'येतो, जातो' असंच बोलायची.

"मूळ कागद घेतलीस न्हवं? आणि झेरॉक्स?"

"अण्णा, आता झेरॉक्स कोण मागतंय?"

"आणि मागितली तर?"

अण्णा म्हणजे धनश्रीचे वडील भूपाल मगदूम, एका सूतगिरणीतले निवृत्त हेडक्लार्क. सदऱ्याच्या खिशाला शाईचं पेन, अक्षर छापल्यासारखं. उचगावच्या त्यांच्या गल्लीत कुणाला शाळेचा, गॅसचा, कर्जाचा, पासपोर्टचा, कसलाही फॉर्म भरायचा असला की तो आधी मगदूमांच्या कट्ट्यावर यायचा. अण्णांनी भरलेला फॉर्म परत येत नाही, अशी गल्लीची खात्री होती, आणि अण्णांची तर होतीच. धनश्रीचा बालवाडीपासून डिप्लोमापर्यंतचा, पुढं लायसनचा आणि बँकेचाही, एकूण एक फॉर्म त्यांनीच भरलेला. ती फक्त ते बोट ठेवतील तिथं सही करायची. आई गेल्यापासून घरात दोघंच होते आणि ही वहिवाट तशीच चालली होती.

मुलाखत नावाचा प्रकार बंद होऊन सात वर्षं झाली होती. माणसं माणसांची निवड करताना आडनाव बघतात, गाव बघतात, बाई असेल तर लग्न झालंय का तेही बघतात, हे आकड्यांनिशी सिद्ध झालं होतं. मग पन्नासांहून जास्त कामगार असलेल्या प्रत्येक कंपनीला उमेदवाराचं प्रतिरूप, म्हणजे यंत्रातली नक्कल, पारखल्याशिवाय कुणाला घेता येणार नाही, असा कायदा आला.

प्रतिरूप तयार व्हायचं दोन टप्प्यांत. आधी केंद्रावर बसून चेहरा आणि आवाज द्यायचा. मग घरी चाळीस दिवस टॅबलेटवर रोज वीस प्रसंग यायचे. साहेब चुकीचं सांगतोय, काय कराल? सहकाऱ्यानं चूक लपवली, काय कराल? परगावी बदली झाली, काय कराल? उत्तर आपल्या शब्दांत लिहायचं. त्या आठशे उत्तरांतून यंत्र त्या माणसाची निर्णय घेण्याची तऱ्हा शिकायचं. कुठं तो कचरतो, कुठं अडून बसतो, कुणाला घाबरतो. मग कंपनीचं यंत्र त्या प्रतिरूपाला आपल्या काल्पनिक कारखान्यात कामाला लावायचं आणि काही मिनिटांत दहा वर्षांची नोकरी करून घ्यायचं. विमानाचा पंख वाऱ्याच्या बोगद्यात धरून बघतात, तसा माणूस धरून बघायचा. खऱ्या माणसाला त्यातलं काहीच कळायचं नाही. त्याला फक्त शुभेच्छा यायच्या. आणि दर अर्जाला लोकांनी नवी सोंगं आणू नयेत म्हणून एकदा केलेलं प्रतिरूप तीन वर्षं बदलता येत नसे.

धनश्रीनं दोन वर्षं चार महिन्यांपूर्वी हे सगळं केलं होतं. म्हणजे चेहरा आणि आवाज तिनं दिला होता. तेव्हा ती शिरोलीच्या एका फाउंड्रीत ओतलेल्या लोखंडी भागांची तपासनीस होती आणि दोन-दोन पाळ्या करत होती. टॅबलेट घरी आला त्या दिवशी अण्णांनी चष्मा पुसला आणि हात पुढं केला. "दे इकडं. तू सही कर फक्त." तिनं दिला. यात काही वावगं आहे हे दोघांच्याही मनात आलं नाही. पुढं त्या फाउंड्रीनं क्ष-किरणांचा स्कॅनर घेतला, तपासनीस काढून टाकले आणि धनश्रीचे अर्ज सुरू झाले. त्याला आता सोळा महिने होत आले होते.

केंद्रावरच्या बाईनं तिला एका कोंदट खोलीत पडद्यासमोर बसवलं. "एकच तास. रडायचं असलं तर बाहेर बाक हाय."

पडद्यावर एक काल्पनिक फाउंड्री उघडली. भट्टी, वाळूचे साचे, ट्रॉलीवर नुकती ओतलेली कास्टिंगं. आणि मधोमध धनश्री. तेच बसकं नाक, तीच घाईघाईनं घातलेली वेणी. स्वतःला असं कामावर उभं बघून तिला भडभडून आलं. सोळा महिन्यांत ती कुठल्याच कारखान्यात शिरली नव्हती.

पडद्यावरचा एक कामगार धावत आला. "मॅडम, भट्टीचं तापमान वाढालंय. काय करू?"

खऱ्या धनश्रीच्या तोंडून निघून गेलं, "अरे बंद कर की!"

पडद्यावरची धनश्री शांतपणे म्हणाली, "सदर बाब वरिष्ठांच्या निदर्शनास आणून त्यांचे लेखी आदेश प्राप्त झाल्यावर पुढील कार्यवाही करण्यात येईल."

आवाज तिचाच होता. धनश्रीला आधी हसू फुटलं. तिनं दुसरी चाचणी उघडली. तिथं पुण्याच्या कंपनीचा साहेब बदलीचं विचारत होता. "कौटुंबिक जबाबदारीमुळे उमेदवार परगावी जाऊ शकत नाही." तिसरी. स्कॅनर पास म्हणतोय, पण कास्टिंग खराब वाटतंय. "कागदोपत्री पूर्तता असल्यास स्वाक्षरी करण्यास हरकत नसावी." विसावी, नव्वदावी, दोनशेवी. तिचं हसू कधीच आटलं होतं. तीनशे ठिकाणी तिच्या चेहऱ्याआड अण्णा बसले होते, खिशाला पेन लावून.

ती घरी आली तेव्हा अण्णा कट्ट्यावर शेजारच्यांचा कसलातरी फॉर्म भरत होते. तिनं तो त्यांच्या हातातून ओढून घेतला.

"अण्णा, तुम्ही कुणाचा फॉर्म भरलासा?"

"ह्यो व्हय? कुंभारांचा."

"माझा! प्रतिरूपाचा! साहेब चुकीचं सांगत असला तर मी लेखी आदेश मागणार? मी? भट्टी पेटलेली असताना?"

अण्णांनी पेनाला टोपण लावलं. "असल्या प्रश्नांना खरं उत्तर कोण देतंय गं? योग्य उत्तर द्यायचं असतंय. चाळीस वर्षं तसंच दिलो मी. एक मेमो न्हाई मला."

"आणि बदली? पुणं नको, चेन्नई नको, सांगलीसुद्धा नको? सांगली तासाभराची वाट हाय, अण्णा!"

अण्णा कट्ट्यावरच्या फरशीवरून बोट फिरवत राहिले.

"बोला की."

"तू गेलीस तर या घरात मी कुणाशी बोलू?" अण्णा म्हणाले. "प्रश्न आला, मी खरं ते लिहिलं. तेवढं एकच खरं लिहिलं बघ."

धनश्रीला त्यांची कणव आली आणि रागही आला, आणि रागच जास्त होता. "सोळा महिने तुम्ही मला या घरात कोंडून ठेवलासा," असं म्हणून ती आत गेली. दोन दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही. अण्णा स्वतःच आमटी करायचे आणि तिचं ताट झाकून ठेवायचे.

तिसऱ्या दिवशी निवडपत्र आलं. अर्ज तिनं महिन्यापूर्वी केला होता आणि विसरूनही गेली होती. कागलच्या बाजूची 'दख्खन ओतकाम' नावाची मोठी कंपनी, बसगाड्यांचे ब्रेक-ड्रम ओतायची. जागा अंतिम तपासनिसाची. पत्रात निवडीचं कारण दिलं होतं: 'शिस्तप्रियता, कागदपत्रांविषयी आदर, वरिष्ठांच्या निर्णयावर विश्वास.' सहा महिने परीक्षाकाळ. त्या काळात मनगटावर एक पट्टा बांधायचा. कामावरचं वागणं प्रतिरूपाशी किमान नव्वद टक्के जुळलं पाहिजे.

तिनं पत्र अण्णांपुढं टाकलं. "घ्या. तुम्हाला नोकरी लागली."

पण नाकारायची कशी? नवं प्रतिरूप करायला अजून आठ महिने होते. उत्तरं दुसऱ्यानं भरली हे कबूल करून आहे ते रद्द केलं, तर पुढची तीन वर्षं नवं मिळणार नव्हतं, म्हणजे तीन वर्षं कुठल्याच मोठ्या कारखान्याचं दार उघडणार नव्हतं. ती रुजू झाली.

पहिल्या आठवड्यात जुळणी चौऱ्याऐंशीवर घसरली. मग तिनं मुकाट्यानं चहाच्या सुटीत घरी फोन लावायला सुरुवात केली.

"अण्णा, ट्रॉली चुकीच्या ठिकाणी लावलीय. मी काय केलं असतं?"

"संबंधितांस समज दिली असतीस. तोंडी न्हाई, लेखी."

"साहेब माझ्यावर उगाच ओरडले. मी काय केलं असतं?"

"गप बसली असतीस. आणि तारीख लिहून ठेवली असतीस."

जुळणी पंच्याण्णववर गेली. साहेब खूश झाले. अण्णांची तर कळाच बदलली. ते सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून फोनजवळ बसायला लागले. सुटीच्या दिवशी फोन नसला की बेचैन व्हायचे. आणि धनश्री रोज संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरताना दात आवळलेली असायची. ज्या नोकरीसाठी ती सोळा महिने झुरली, ती तिला मिळालीच नव्हती. तिच्या जागी अण्णा जात होते, ती फक्त त्यांना उचलून नेत होती.

एक गोष्ट मात्र तिनं सोडली नव्हती. तिच्या पिशवीत एक लहान हातोडी असायची. ओतलेला भाग धड असला तर हलक्या टोल्यानं ठण्ण वाजतो आणि आवाज रेंगाळतो. आत चीर असेल तर तो बद्द वाजतो आणि आवाज जागीच मरतो. बाजारात माठ घेताना बायका बोटानं वाजवून बघतात, तसंच हे. शिरोलीत तिला एका म्हाताऱ्या तपासनिसानं हे शिकवलं होतं. स्कॅनर आल्यापासून कुणी वाजवून बघत नसे. ती बघायची, सवय म्हणून.

चौथ्या महिन्यातल्या एका दुपारी चाळीस ड्रमांचा लॉट आला. आंबा घाटातून जाणाऱ्या बसगाड्यांचा होता. स्कॅनरनं चाळीसच्या चाळीस हिरवे दाखवले होते. कागद तयार होता, फक्त तिची सही हवी होती. स्कॅनरला सही करता येत नाही. तिनं जाता जाता हातोडी टेकवली. ठण्ण. ठण्ण. तिसरा बद्द वाजला.

तिनं पुन्हा वाजवला. बद्द. मग पुढचे वाजवत गेली. अकरावा तसाच, सव्विसावाही तसाच.

पाळीचा सुपरवायझर महाडिक शेजारी येऊन उभा राहिला. चांगला माणूस होता, पण ट्रक दारात उभा होता. "मॅडम, स्कॅनर हिरवा हाय. करा सही. साहेब दोनदा विचारून गेलेत."

मनगटावरचा पट्टा थरथरला. तिच्या जागी प्रतिरूपानं एव्हाना सही करून टाकली असती. धनश्रीनं फोन लावला.

"अण्णा, तीन ड्रम बद्द वाजालेत."

"कागद काय म्हणतोय?"

"पास."

"मशीन?"

"हिरवं. चिरा केसासारख्या असल्या तर मशीनला दिसत न्हाईत कधीकधी. मी काय केलं असतं, अण्णा?"

पलीकडं पेनाचं टोपण काढल्या-लावल्याचा आवाज येत राहिला. 

"सही केली असतीस," अण्णा शेवटी म्हणाले. "मी केलती. गिरणीत, बॉयलरच्या कागदावर. दाखला होता, शिक्का होता. शिवगोंडा फिटर सांगत होता, साहेब, आवाज बरोबर न्हाई. मी म्हटलं, कागद बरोबर हाय. त्याचा हात भाजला, कोपरापर्यंत. चौकशीत मी सुटलो. कागद बरोबर होता न्हवं."

"हे कधी बोलला न्हाईसा."

"कुणाला सांगू? तुझ्या आईलासुद्धा सांगितलं न्हाई. धना, मला विचारू नकोस. फोन ठेव. ड्यूटीवर तू हायस."

फोन तिच्याआधी त्यांनीच ठेवला. धनश्रीनं खडू घेतला आणि कागदावर नाही, थेट तिसऱ्या ड्रमवर मोठी फुली मारली. "महाडिक, हा कापा."

"मॅडम, पट्टा..."

"मरू दे पट्टा. कापा."

ड्रम कापला. आतल्या कडेला एक काळी चीर निघाली, बोटभर लांब. अकरावा कापला, सव्विसावा कापला, तिन्हींत तेच. महाडिकनं टोपी काढून डोकं पुसलं. ट्रक रिकामा परत गेला. त्या संध्याकाळी बसमधून उतरताना सोळा महिने आणि वर चार महिन्यांनी धनश्रीला पहिल्यांदा वाटलं की आपण कामावरून आलोय.

सोमवारी पत्र आलं. तिनं ते अण्णांना मोठ्यानं वाचून दाखवलं.

'लॉटमधील दोष निदर्शनास आणल्याबद्दल व्यवस्थापन आपले आभारी आहे. तथापि सदर प्रसंगी आपले वर्तन प्रतिरूपाशी विसंगत आढळले. जुळणी ७९ टक्के. सबब आपली सेवा समाप्त करण्यात येत आहे. आपल्या प्रतिरूपाची अंतिम तपासनीस या पदावरील नेमणूक मात्र कायम करण्यात येत असून त्यापोटी वेतनाचा ठरावीक हिस्सा आपणास घरबसल्या मिळत राहील.'

"म्हणजे?" अण्णांनी विचारलं.

"म्हणजे तुम्ही पर्मनंट झालासा, अण्णा. मला काढलं."

अण्णांना हसावं की काय ते कळेना. मग हळूहळू त्यांच्या लक्षात आलं. "आणि सही?"

"ते करणार. कायद्यानं प्रतिरूपाची सही चालते. येईल त्या लॉटवर, मशीन हिरवं असलं की. खाली नाव धनश्री भूपाल मगदूम."

नुसतं गप्प बसलं तरी उरलेले चार-पाच महिने घरबसल्या पैसे आले असते आणि मग नवं प्रतिरूप करता आलं असतं. अण्णांनी हा हिशेब तिच्या आधी केला असणार, त्यांचं डोकं तसंच चालायचं. पण ते उठले, सदरा घातला. "चल. केंद्र पाचला बंद होतंय."

"रद्द केलं तर तीन वर्षं काही न्हाई, अण्णा."

"ठाऊक हाय. महाडिकचा फोन आलता सकाळी, तू आंघोळीला गेलतीस तवा. त्याच्या मेव्हण्याचं शेड हाय हातकणंगल्याला. अठ्ठेचाळीस माणसं. तिथं प्रतिरूप लागत न्हाई म्हणाला. पगार बेताचा. गुरुवारी हातोडी घेऊन ये म्हणून सांगितलंय." एवढं बोलून ते चपला शोधायला लागले. "राहायला मात्र तिथंच लागतंय म्हणे. पाळ्या अशा हायत की रोज जाऊन-येऊन जमणार न्हाई. मी हो म्हटलेलं न्हाई. तुझा निरोप हाय, तुझं तू सांग."

धनश्रीनं कुलूप उचललं.

केंद्रावर तीच बाई होती. रद्द करायचा फॉर्म तेवढा अजून कागदाचा होता आणि उमेदवाराच्या स्वतःच्या हस्ताक्षरात लागायचा, म्हणजे लोक दोनदा विचार करतील. बाईनं तो खिडकीतून सरकवला. अण्णांचा हात आपोआप खिशाकडं गेला, पेन बाहेर आलं, टोपण निघालं. मग ते थांबले आणि पेन त्यांनी धनश्रीपुढं धरलं.

तिनं आयुष्यात हातानं फॉर्म भरला नव्हता. अक्षर गिचमिड, ओळ तिरकी. कारणाच्या रकान्यात तिनं लिहिलं: 'ही उत्तरं माझी नाहीत. माझ्या वडिलांची आहेत. त्यांनी भरली आणि मी भरू दिली.' मागच्या बाकावर अण्णा भिंतीकडं तोंड करून बसले होते. तिकडं बघायला लागू नये म्हणून ते भिंतीवरची सूचना तिसऱ्यांदा वाचत होते.

बाईनं कागद डोळ्यांसमोर धरला आणि परत सरकवला. "चुकलंय. तारखेच्या जागी नाव लिहिलंय. खाडाखोड चालत न्हाई."

अण्णा बाकावरून ताडकन उठले. मगदूमांच्या घरचा फॉर्म परत आला होता. त्यांचं तोंड उघडलं, हात अर्धा पुढं आला. मग ते तसेच खाली बसले आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

"दुसरा द्या," धनश्री म्हणाली.